तेलाच्या पिंपातले सूर : स्टीलपॅनची गोष्ट वर्गात सांगताना



'जगातली वाद्ये' शिकवायची म्हटलं की आपली एक ठरलेली पद्धत असते. तक्त्यावर चित्रं, खाली नावं आणि मग जोड्या लावा. बॅगपाइप – स्कॉटलंड, बालालाइका – रशिया, स्टीलपॅन – त्रिनिदाद. मुलं पाठ करतात, गुण मिळवतात आणि दिवाळीच्या सुट्टीत विसरून जातात. यातलं स्टीलपॅन अजून एका तासाला हमखास भेटतं, तो म्हणजे कार्यानुभवाचा तास. तिथे त्याची ओळख एका वाक्यात उरकली जाते : "तेलाच्या टाकाऊ पिंपापासून बनवलेलं वाद्य." झालं, टाकाऊपासून टिकाऊ!

हे वाक्य चुकीचं नाही, पण ते इतकं अपुरं आहे की मुलांपर्यंत मूळ गोष्ट पोचतच नाही. रिकामी पिंपं जगात सगळीकडे होती. आपल्याकडेही डांबराची पिंपं कापून लोकांनी पाण्याची टिपाडं केली, दारं केली, पन्हाळी केल्या. मग त्यातून पूर्ण सप्तक वाजणारं वाद्य एका छोट्याशा बेटावरच का निघालं? वर्गात विचारण्यासारखा प्रश्न हा आहे आणि त्याचं उत्तर भंगारात सापडत नाही.

आधी नकाशा काढा. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला व्हेनेझुएला देश आहे. त्याच्या किनाऱ्याला अगदी खेटून त्रिनिदाद बेट आहे आणि जवळच टोबॅगो. दोन्ही मिळून एक देश. क्षेत्रफळ ५,१२८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षाही किंचित कमी. ही तुलना मुलांना लगेच कळते.

या बेटावर आधी स्पेनची सत्ता होती, १७९७ पासून इंग्रजांची. मळे मात्र बरेचसे फ्रेंच जमीनदारांचे होते आणि त्यात राबायला आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं होती. ती गुलाम होती, विकत घेतलेली. १८३८ मध्ये ती पूर्ण मुक्त झाली. चौथी-पाचवीच्या मुलांना हे सांगावं का, असं काही पालक विचारतात. माझं मत, सांगावं. फार तपशील नको, पण हा भाग गाळला तर पुढची गोष्ट मुलांना कळणारच नाही.

मुक्त झालेल्या या लोकांनी कार्निव्हल आपला केला. ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा काळ सुरू होण्याआधी दोन दिवस हा उत्सव असतो. पूर्वी तो मळेवाल्यांच्या हवेल्यांमध्ये मुखवटे घालून साजरा व्हायचा. आता तो रस्त्यावर आला. ढोल, मशाली, लाठीचे खेळ, गाणी. या मिरवणुकीला म्हणत 'कॅनबुले'. उसाच्या मळ्याला आग लागली की रात्री-अपरात्री गुलामांना तिथे हाकलत नेत. त्या जळत्या उसाची आठवण या फ्रेंच शब्दात आहे. ज्या प्रसंगी आपल्याला हाकललं जायचं त्याचीच या लोकांनी मिरवणूक केली, हे लक्षात घ्या.

सरकारला हे रुचलं नाही. १८८१ मध्ये राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पोलीस आणि मिरवणुकीतले लोक यांच्यात मोठी चकमक झाली. त्या दशकात असे कायदे आले की रस्त्यावर ढोल वाजवणं जवळजवळ अशक्य झालं. १८८४ मध्ये तर दक्षिणेकडच्या सान फर्नांडो गावाजवळ मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि त्यात माणसं मेली. ती मिरवणूक होती भारतातून गेलेल्या मजुरांची! त्यांच्याकडे आपण पुढे येऊच.

इथे माझ्या वर्गात एका मुलाने विचारलं, "बाई, ढोलाला सरकार का घाबरलं?" मी उत्तर दिलं नाही, फळ्यावर प्रश्न लिहून ठेवला. मुलांनीच उत्तरं काढली. ढोल लांबून ऐकू येतो. ढोल ऐकून माणसं गोळा होतात. ढोलावर निरोप देता येतो. तिन्ही बरोबर आहेत.

ढोल गेला, ताल थोडाच जातो? लोकांनी बांबू तोडले. मोठा जाड बांबू जमिनीवर आपटला की घुमारेदार खर्ज निघतो. त्याला म्हणत 'बूम'. वीतभर-हातभर लांबीचे दोन तुकडे एकमेकांवर आपटले की मधला आवाज. बारीक बांबू खांद्यावर धरून काठीने वाजवला की वरचा, कडक आवाज. जोडीला बाटली आणि चमचा. या प्रकाराचं नाव 'टॅम्बू बॅम्बू'. 'टॅम्बू' हा फ्रेंच भाषेतल्या ढोलाच्या शब्दावरून आलेला. बांबूवर कायद्याने बंदी नव्हती, म्हणून ढोलाचं नाव बांबूला दिलं. पुढची चाळीस-पन्नास वर्षं कार्निव्हल बांबूवर चालला.

बांबूची एक अडचण होती. दिवसभर आपटला की तो फुटतो. शिवाय शंभर माणसं गाताना त्याचा आवाज कमी पडतो. मग १९३० च्या दशकात पोरांनी हाताला लागेल ते पत्र्याचं उचललं : बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याचे पिंप, मोटारीच्या ब्रेकचे ड्रम. दशकाच्या शेवटी तर नुसत्या पत्र्याची पथकं रस्त्यावर उतरली. ही सगळी गरीब वस्त्यांतली, बहुतेक बेकार पोरं. चांगल्या घरातले लोक कानावर हात ठेवत. "अभ्यास सोडून काय बडवत बसलायस" हे वाक्य त्यांच्या भाषेतही नक्कीच असणार.

इथपर्यंत फक्त ताल होता. सूर कुठून आला?

पत्रा सतत बडवला की त्याला पोचे येतात. पोचा आला की त्या जागेचा आवाज बदलतो. आपण सगळ्यांनी हे ऐकलेलं आहे, पण लक्ष दिलेलं नाही. त्या पोरांनी लक्ष दिलं. विन्स्टन 'स्प्री' सायमन या मुलाची गोष्ट नेहमी सांगतात. त्याचा डबा कुणीतरी बडवून खोलगट करून टाकला. तो आतून ठोकून सरळ करायला बसला, तर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे सूर निघायला लागले. गोष्ट सुरेख आहे, मुलांना आवडते. पण सांगताना एक जपा. स्टीलपॅनचा एकच शोधक ठरवता येत नाही. वेगवेगळ्या वस्त्यांत वेगवेगळी पोरं एकाच वेळी हाच खटाटोप करत होती आणि कार्निव्हलच्या दिवशी एकमेकांचं ऐकून घरी जाऊन आणखी पुढे नेत होती. 'अमक्याने तमक्याचा शोध लावला' अशी वाक्यं पाठ करायची आपल्याला सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत कार्निव्हलवर बंदी होती. पोरं मात्र परसात, आडोशाला ठोकत राहिली. १९४५ मध्ये युद्ध संपल्याचा जल्लोष करायला लोक रस्त्यावर आले, तेव्हा या पत्र्यांवर सूर वाजत होते! त्रिनिदादमध्ये खनिज तेल निघतं, युद्धकाळात अमेरिकेचे तळही तिथे होते, त्यामुळे ५५ गॅलनची म्हणजे सुमारे २०८ लिटरची पिंपं भरपूर. एली मॅनेट या तरुणाने हे मोठं पिंप हाताशी घेतलं. आधी डब्याचा तळ बाहेर फुगवत असत. त्याने तो आत, वाडग्यासारखा खोल केला. त्यामुळे सुरांना जागा मिळाली. काठीच्या टोकाला रबर गुंडाळायची युक्तीही त्याचीच मानतात. लाकडी काठीने पत्रा टणटणतो, रबराने गोल सूर निघतो.

आता हे वाद्य बनवतात कसं ते नीट पाहू. 'टाकाऊ' हा शब्द इथे गळून पडतो.

पिंपाचा तळ मोठ्या हातोड्याने हळूहळू ठोकत खाली नेतात. वरच्या पट्टीतल्या पॅनसाठी तो सुमारे २० सेंटीमीटर खोल जातो. पत्रा सवा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, तो ताणला जाऊन मध्यभागी आणखी पातळ होतो. एक घाव चुकला की फाटतो आणि सगळी मेहनत वाया. मग सुरांच्या जागा आखतात आणि छिन्नीसारख्या बोथट हत्याराने कडेकडेने टोचे मारून त्या वेगळ्या करतात, म्हणजे एका जागेचं कंपन दुसरीत कमी शिरतं. मग पिंपाची बाजू कापतात. वरच्या सुरांच्या पॅनला आखूड बाजू ठेवतात, खर्जाच्या पॅनला जवळजवळ पूर्ण पिंप. त्यानंतर पत्रा आगीवर तापवून थंड करतात, त्याने त्याला ताठपणा येतो. शेवटचं काम सर्वांत अवघड, सुरात लावणं. छोट्या हातोडीने खालून एक ठोका, वरून एक ठोका, कान लावून ऐकायचं, पुन्हा ठोका. हे काम करणाऱ्याला तिथे ट्यूनर म्हणतात आणि त्याचा मान मोठा असतो. चांगले कारागीर आता जुनी पिंपं वापरतही नाहीत, नवीन कोरी घेतात. आता सांगा, यात टाकाऊ काय राहिलं?

थोडं विज्ञान सांगते, कारण शिक्षकांना ते उपयोगी पडेल. कुठलीही वस्तू वाजवली की एक मुख्य सूर आणि त्याच्यासोबत वरचे अनेक बारीक सूर निघतात. तारेत किंवा बासरीत हे वरचे सूर मुख्य सुराशी नीट नात्यात असतात, म्हणून आवाज गोड लागतो. साध्या पत्र्यात ते वाटेल तसे असतात, म्हणून खणखणाट होतो. ट्यूनर प्रत्येक जागा अशी ठोकतो की मुख्य सुरासोबत वरच्या सप्तकातला तोच सूर बरोबर जुळावा, बऱ्याचदा त्याच्याही वरचा पंचम. म्हणजे तो एका जागेत एक नाही, दोन-तीन सूर लावतो. हे वाचताना मला तबला आठवला. साध्या कातड्याचेही वरचे सूर बेशिस्तच असतात. तबल्यावरची शाई त्यांना शिस्त लावते. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावरच संशोधन प्रसिद्ध केलं होतं. आपल्याकडे शाईने जे साधलं, ते तिकडे हातोडीने साधलं.

सुरांची मांडणी पाहा. पेटीवर सा, रे, ग ओळीने असतात. वरच्या पट्टीच्या पॅनवर तसं नसतं. कडेने बारा जागा असतात. एखादी जागा सा धरली, तर तिच्या एका शेजारी प आणि दुसऱ्या शेजारी म. प्रत्येक सुराचा तार सप्तकातला जोडीदार त्याच्या आतल्या बाजूला, लहान जागेत. मध्यभागी उरलेले चार-पाच सर्वांत उंच सूर. ही मांडणी अँथनी विल्यम्स यांनी रूढ केली. सा आणि प, सा आणि म एकमेकांना मिळते-जुळते, म्हणून एकाच्या कंपनाने शेजारचा थरथरला तरी बेसूर वाटत नाही. गाणं शिकलेल्या शिक्षकांना षड्ज-पंचम भाव वेगळा सांगायला नको. खर्जाला जागा मोठी लागते, त्यामुळे तिथे एका पिंपावर जेमतेम तीन-चार सूर बसतात आणि एकच वादक सहा, नऊ किंवा बारा पिंपांच्या मध्ये उभा राहून वाजवतो.

हे सगळं होत असताना या पोरांची प्रतिष्ठा मात्र शून्य होती. पथकांची नावंच बघा : इन्व्हेडर्स, डेस्पेराडोज, टोकियो, रेनिगेड्स, कॅसाब्लांका. बरीचशी सिनेमातून किंवा युद्धाच्या बातम्यांतून उचललेली. पथकांच्या मारामाऱ्या होत, रक्त सांडे. हातात पॅनच्या काठ्या दिसल्या तरी पोलीस हटकत. घरचे मारत. मुलींना तर पॅन वाजवायच्या जागेकडे फिरकायलाही मनाई.

वळण आलं १९५१ मध्ये. लंडनला 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' भरणार होता. एकमेकांशी भांडणाऱ्या पथकांतून एकेक उत्तम वादक निवडून एकच पथक केलं. नाव, त्रिनिदाद ऑल स्टील पर्कशन ऑर्केस्ट्रा. पैसे लोकांकडून जमवले, म्हणजे आपल्या भाषेत लोकवर्गणी. शिकवायला होते लेफ्टनंट जोसेफ ग्रिफिथ, पोलीस बँडमधून आलेले संगीतज्ञ. त्यांनी आग्रह धरला की प्रत्येक पॅनवर बारा स्वर पूर्ण हवेत, खर्जावरही. एका पिंपात मावत नाहीत? मग तीन पिंपं घ्या. शिक्षक म्हणून मला हा माणूस फार आवडतो. मुलांना 'छान छान' म्हणून त्याने सोडलं नाही, वाद्य आणखी चांगलं करून घेतलं. लंडनमध्ये गंजकी पिंपं बघून लोक आधी साशंक होते. वाजवायला सुरुवात झाली आणि चित्र पालटलं. ज्या देशाच्या सरकारने ढोल बंद केला होता, त्याच देशाच्या राजधानीत हे घडलं.

१९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९६३ पासून 'पॅनोरमा' ही स्पर्धा सुरू झाली, ती आजही कार्निव्हलमध्ये होते. मोठ्या पथकात शंभरावर वादक. आठ-दहा मिनिटांची अत्यंत गुंतागुंतीची रचना, आणि बहुतेक जण ती कागदावर न बघता, ऐकून ऐकून पाठ करतात. आता मुलं-मुली बरोबरीने वाजवतात. १९९२ मध्ये स्टीलपॅनला राष्ट्रीय वाद्य जाहीर केलं गेलं.

आता आपल्या माणसांकडे येऊ. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांना मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून निघालेले मजूर घेऊन त्रिनिदादला पोचलं. १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक भारतीय करारावर तिथे गेले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहार भागातले, भोजपुरी बोलणारे. सोबत ढोलक गेला, झांजा गेल्या आणि ताशाही गेला. तिथे तो आजही 'तासा' म्हणून ओळखला जातो. मातीच्या भांड्यावर बकऱ्याचं कातडं, वाजवण्याआधी आगीवर शेकायचं, जसं आपल्याकडे हलगी शेकतात. सोबत मोठा ढोल आणि झांज. लग्नाला तासा, मोहरमला तासा.

आफ्रिकी आणि भारतीय वंशाच्या लोकांत तिथे सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मुळीच नाही. राजकारणात ती दरी आजही दिसते. संगीतात मात्र येणं-जाणं झालं. तिथलं जुनं लोकप्रिय गाणं म्हणजे कॅलिप्सो. त्यात बातमी, टोमणा, सरकारवर टीका, सगळं असतं. लॉर्ड शॉर्टी हे कॅलिप्सो गायक भारतीय शेजाऱ्यांच्या गावात वाढले होते. १९७० च्या दशकात त्यांनी कॅलिप्सोत ढोलक आणि धंताल यांचा ठेका मिसळला. धंताल म्हणजे लोखंडी सळई आणि घोड्याच्या नालेसारखा तुकडा. त्यातून जो प्रकार निघाला त्याला 'सोका' म्हणतात आणि आजच्या कार्निव्हलमध्ये तोच दणदणत असतो.

आणि जित समारू. भारतीय वंशाच्या गरीब कुटुंबातला हा माणूस. रेनिगेड्स हे पथक एके काळी मारामाऱ्यांसाठी बदनाम होतं आणि त्यात बहुतेक आफ्रिकी वंशाचे वादक. समारू यांनी त्या पथकासाठी रचना बसवायला घेतल्या आणि पॅनोरमा नऊ वेळा जिंकून दिली. एवढी एकच माहिती मुलांपुढे ठेवा आणि त्यांना बोलू द्या.

वर्गात काय करता येईल? मी करते ते सांगते. पहिला प्रयोग बांबूचा. एका बाजूला गाठ असलेले, म्हणजे तळ बंद असलेले बांबूचे दोन तुकडे घ्या, एक ४० सेंटीमीटर, एक २०. उघडं तोंड वर ठेवून जमिनीवर आपटा. आखूड बांबूचा आवाज उंच येतो, साधारण वरच्या सप्तकातला तोच. आणखी लांबीचे तुकडे केले की वर्गात टॅम्बू बॅम्बू तयार! प्रत्येक गटाला एकच सोपा ठेका द्या आणि टिकवायला सांगा. टिकवणं किती अवघड असतं ते तेव्हा कळतं.

दुसरा प्रयोग पत्र्याच्या डब्याचा. झाकण रबर गुंडाळलेल्या पेन्सिलीने वाजवा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून गुंडाळली की छान होतं. मग झाकणाच्या कडेजवळ अंगठा दाबून पुन्हा वाजवा. सूर बदलतो. मध्यभागी आणि कडेला वाजवून फरक विचारा. तीच पेन्सिल रबर काढून वाजवा. एवढ्यात मॅनेट काय म्हणत होता ते मुलांच्या कानाला कळतं. पत्रा ठोकायला किंवा तापवायला मात्र मुलांना देऊ नका, आणि धारदार कडांचे डबे आधीच बाजूला काढा.

तिसरं नुसतं ऐकायचं. हे ऑगस्टमध्ये करावं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरवला आहे, आणि आपल्याकडे त्याच सुमाराला ढोल-ताशा पथकांचा सराव जोरात असतो, त्यामुळे मुलांच्या कानात ताशा असतोच. आधी आपला ताशा ऐकवा. मग त्रिनिदादचा तासा. मग एखाद्या पॅनोरमा पथकाची रचना, पूर्ण, मध्ये न थांबवता. पडदा बंद ठेवा, चित्र दाखवू नका, आणि हे काय वाजतंय ते ओळखायला सांगा. कुणी पियानो म्हणेल, कुणी घंटा, कुणी जलतरंग. पिंप कुणीच म्हणत नाही.